कोऱ्या चकतीवरचं रक्त

निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीच्या भिशीत बायकांनी मला विचारलं, "तुम्ही कंपनीत नेमकं करायचात काय हो?" मी खरं तेच सांगितलं. धातूच्या चकत्यांवर माणसांचं रक्त ओतायचे आणि ते किती चिकटतं ते बघायचे. त्या दिवशी मी नेलेल्या कोथिंबीरवड्यांना कुणी फारसा हात लावला नाही. डबा जवळजवळ भरलेलाच घरी आला आणि माझ्या नवऱ्याने तो आनंदाने संपवला.

तेव्हापासून मी हे काम जरा बेताबेताने समजावून सांगते.

डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती. अजूनही आहे. शरीरात बसवायचे धातूचे भाग दुसरे लोक बनवतात, आम्ही त्यांच्यावर थर चढवायचो. लोखंडाला हवा लागली की गंज चढतो हे सगळ्यांना माहीत असतं. टायटॅनियम नावाच्या धातूवरही हवेतला ऑक्सिजन असाच बसतो, पण तो गंज खपल्या होऊन पडत नाही, धातूला घट्ट धरून राहतो. आम्ही हाच थर मुद्दाम आणि मोजूनमापून चढवत असू. एक मोठं पोलादी पिंप, त्यातली हवा ओढून काढायची, विजेच्या जोरावर टायटॅनियमचे कण उडवायचे, बेताने ऑक्सिजन सोडायचा. भागावर जो थर बसतो तो केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट पातळ. जाडी थोडी बदलली की रंग बदलतो. कधी सोनेरी, कधी जांभळा, कधी मोरपिशी.

या रंगांनी आम्हाला फार छळलं. ठाण्याचे एक उद्योजक त्यांच्या कंपनीच्या कॅलेंडरला मॅच होणारा निळाच थर हवा म्हणून हटून बसले होते. छातीच्या आत तो कोण बघणार आहे, असं मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ब्रँडिंग असतं." विठ्ठलवाडीहून एक निवृत्त गृहस्थ देवघरातली तांब्याची भांडी पिशवीत घालून आले. चिंचेने घासायचा कंटाळा आला होता, त्यावर आमचा थर चढवून हवा होता. आमचे मालक दामले साहेब क्षणभर विचारात पडले होते हे मी स्वतः पाहिलंय. दामल्यांना नाही म्हणता येत नसे. कंपनीत नाही म्हणण्याचं खातं माझ्याकडे होतं आणि ते मी चोख सांभाळलं.

माझं खरं खातं म्हणजे रक्ताची चाचणी. रक्ताचा स्वभाव फार संशयी असतो. शरीरातली वस्तू सोडून दुसऱ्या कशालाही ते टेकलं की लगेच चौकशी सुरू होते. आधी रक्तातली प्रथिनं त्या वस्तूवर जाऊन बसतात. कोण बसतं आणि कसं बसतं त्यावर पुढचं ठरतं. मग येतात प्लेटलेट्स, डेंग्यूच्या साथीत ज्यांचे आकडे सगळ्यांना पाठ होतात त्या. परकी वस्तू पसंत पडली नाही तर प्लेटलेट्स तिला चिकटतात, पसरतात, बारीक पाय बाहेर काढतात, एकमेकींना बोलावून घेतात आणि गुठळी होते. बोट कापलं तर हाच गुण आपला जीव वाचवतो, पण हृदयातल्या झडपेवर गुठळी झाली तर माणूस जातो. चांगल्या थराचं काम एवढंच, की रक्ताने त्याच्यावरून शांतपणे निघून जावं.

हे तपासायला ताजं रक्त लागतं. रक्तपेढीतल्या पिशवीतल्या प्लेटलेट्स थकलेल्या असतात, त्यांना भांडायचा उत्साह नसतो. म्हणून आमच्याकडे कंपनीतलेच दाते होते. डॉक्टर येत, संमती घेत, सिस्टर थोडंसं रक्त काढून घेई. नंतर उपमा, केळं, चहा. प्रत्येक दात्याच्या रक्ताला दोन चकत्या दाखवायच्या, एक थर चढवलेली आणि एक कोरी. कोऱ्या चकतीवर प्लेटलेट्स हमखास गर्दी करतात. ती गर्दी दिसली की समजायचं, रक्त जागं आहे, आता थराची परीक्षा खरी. शिकाऊ लोक फक्त थराची चकती बघतात. मी आयुष्यभर आधी कोरी बघितली.

दात्यांसाठी माझा एक कडक नियम होता. आधीचा पंधरवडा कुठलीही वेदनेची गोळी घ्यायची नाही, कारण तसल्या कित्येक गोळ्या प्लेटलेट्सना झोपवतात.

दात्यांमध्ये पहिला नंबर कायम हरेश पाटलांचा. पाटील थराचं मशीन चालवत. मानपाड्याजवळच्याच गावातले आगरी. एमआयडीसी ज्या जमिनींवर उभी आहे त्यातलं त्यांच्या आजोबांचं एक भाताचं शेत आमच्या मागच्या गल्लीत कुठेतरी गाडलं गेलंय, असं ते सांगत. तरुणपणी गावाच्या कबड्डीच्या संघात होते, खांदे अजून तसेच. मशीन आलं त्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली. रक्त द्यायला बसले की बाही वर करून म्हणत, "माजे मशीनचा माल माजेच रगतान पास झाला पायजे." ही त्यांची रीतच होती. पाटलांचं रक्त नसेल तर चाचणी पुरी झाली असं मशीनवरच्या कुणालाच वाटत नसे, आणि हळूहळू दामल्यांनाही वाटेनासं झालं. मी म्हणायचे, अहो, हे विज्ञान आहे, सत्यनारायण नाही. पण मलाही ती बाही वर झालेली बघायला आवडायचं, हे कबूल करते.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे एक मोठं काम आलं. हृदयाच्या कृत्रिम झडपेची धातूची कडी. आतापर्यंत हाडांचे स्क्रू, पट्ट्या असली कामं जास्त. त्यांना रक्त तसं माफ करतं. झडपेच्या कडीवरून मात्र रक्त आयुष्यभर वाहणार. दामले म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. चाचणी व्हायच्या आधीच त्यांनी नव्या मशीनची जागा आखून ठेवली होती.

तीन दात्यांचं रक्त घेतलं. अकाउंट्समधल्या सावंतबाई, पॅकिंगचा एक जण आणि पाटील. प्लेटलेट्स दिसाव्यात म्हणून चकत्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. पाटलांच्या रक्ताची थराची चकती आरशासारखी स्वच्छ. दामले माझ्या खांद्यावरून बघत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मॅडम, हे तर कमाल झालं. फोटो काढा, आजच पाठवू."

"कोरी चकती बघायचीय अजून."

"ती काय बघायची? तिच्यावर चिकटणारच."

ती घातली. तिच्यावरही तुरळक चार ठिपके. नेहमी जिथे आठवडी बाजार भरलेला असतो तिथे शुकशुकाट. सावंतबाईंच्या आणि पॅकिंगवाल्याच्या कोऱ्या चकत्या मात्र गच्च भरलेल्या.

"ही कमाल थराची नाही," मी म्हटलं. "पाटलांचं रक्तच झोपलेलं आहे. हे पाठवता येणार नाही."

दामल्यांचा चेहरा पडला. चिडले नाहीत, त्यांना चिडताही येत नसे. फक्त म्हणाले, "तुम्ही एकदा तरी हो म्हणून बघा हो."

मी पाटलांना बोलावलं आणि सरळ विचारलं, कोणती गोळी घेतलीत? आधी म्हणाले, देवाची आन, काय नाय. मी चकतीचा फोटो पुढे केला. तो बघून त्यांचा चेहरा बदलला. आपल्या रक्तामुळे माल नापास, ही गोष्ट त्यांना फार लागली. मग म्हणाले, डोकं दुखत होतं, घेतली असेल एखादी, नाव ध्यानात नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पुन्हा घेऊ. या वेळी पंधरवडाभर कसलीच गोळी नको."

"म्याडम, पान्याबिगर काय नाय घेनार. बघा तुमी."

पंधरवडा उलटल्यावर पुन्हा रक्त काढलं. पाटील त्या दिवशी सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले, पाटलांनी छाती पुढे काढून "नाय, नाय" म्हटलं. आणि काय सांगू, त्या दिवशीच्या चकत्या मी उभ्या नोकरीत पाहिलेल्या सगळ्यांत सुंदर. पाटलांच्या कोऱ्या चकतीवर प्लेटलेट्सची नुसती जत्रा, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. आणि शेजारची थराची चकती निर्मळ. दोन्हींचा फोटो एका चौकटीत घेतला. ज्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही तो बघून थराची करामत कळली असती. दामल्यांनी तो फोनवर घेतला आणि पेढे आणायला स्वतः गेले.

ही बातमी पाटलांना आपण सांगावी म्हणून मी पांढरा झगा, टोपी चढवून मशीनच्या खोलीत गेले. ती खोली कायम थंडगार असते. पाटील पिंपाचं झाकण उचलत होते. अर्ध्यावर थांबले. झाकण सावकाश खाली टेकवलं, एक हात त्याच्यावर ठेवून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने डावा दंड चोळायला लागले. टोपीखालून घामाची धार कानाशी आली होती.

मी तिथेच थबकले. आत्ताच पाहिलेली कोरी चकती डोळ्यांपुढे आली. एखाद्याचं रक्त आधी इतकं शांत आणि आता इतकं अंगावर येणारं. डोकेदुखीची एखादी गोळी नव्हेच ती. हा माणूस रक्त पातळ करणारी गोळी रोज घेत होता. आणि ती त्याने माझ्या नियमासाठी बंद केली होती.

"पाटील, बसा खाली. छातीची गोळी कधी सोडलीत?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना ते. मग बसले.

"तुमी बोलल्या त्याच दिवशी."

थोड्याच महिन्यांपूर्वी गावच्या जत्रेत जुन्या खेळाडूंची कबड्डी झाली होती, तेव्हा त्यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळी चालू केली, ठाण्याला जाऊन अँजिओग्राफी करा म्हणून सांगितलं. पाटील गेले नाहीत. बायकोला सांगितलं, ॲसिडिटीची गोळी आहे. कंपनीत कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या छोट्या मशीनवर पूर्वी जे गृहस्थ होते त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दामल्यांनी काळजीपोटी त्यांना पॅकिंगला बसवलं. चांगल्या मनानेच, पगार तोच. पण तो माणूस सहा महिन्यांत म्हातारा दिसायला लागला, हे पाटलांनी रोज जेवणाच्या सुट्टीत पाहिलं होतं.

"मना खोके चिकटवाला बसवतील," पाटील म्हणाले. "माजा मशीन दुसऱ्याचे हातात."

"आणि गोळी का सोडलीत? मला सांगायचं होतं ना, मी या वेळी रक्त देत नाही म्हणून."

"माजे रगतान माल नापास झायला. मग मीच पास करून देनार ना."

मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडले. मशीनच्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही हाही माझाच नियम. खरं तर राग कमी आणि भीती जास्त होती. ज्या प्लेटलेट्सचं मी आत्ता कौतुक करून आले होते, त्याच याच्या हृदयाच्या बुजत चाललेल्या नळीत फिरत होत्या, आणि त्यांना रोखायला काहीच नव्हतं. तिथे कुठला आमचा थर चढवलेला असणार?

दामले पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि त्याच पावली गाडी काढायला धावले. जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी झाला, डॉक्टरांनी पाटलांच्या तोंडात गोळी दिली आणि चावून खायला सांगितलं. त्यांनी सोडलेली तीच गोळी. तिथून ॲम्ब्युलन्सने ठाण्याला. शिळफाट्याला नेहमीसारखा ट्रॅफिक. मी पाटलांच्या उशाशी बसले होते आणि नाडीवरचा हात काढायची माझी हिंमत होत नव्हती. ते मात्र मला धीर देत होते. "म्याडम, ह्यो सिग्नल सुटला का पुढं रस्ता मोकला हाय."

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक नळी जवळजवळ बंद झाल्याचं सांगितलं. त्याच दिवशी त्यात स्टेंट बसवला. आत नेण्याआधी पाटलांनी मला जवळ बोलावून विचारलं, "त्याच्यावर आपला कोटिंग हाय का?" मी म्हटलं, नाही, हा वेगळा प्रकार असतो. ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, "तुमाला त्यातला कलतं म्हनून विचारतं. माजा रगत घेईल का त्याला?"

उभ्या नोकरीत हा प्रश्न मी हजारदा सोडवला, पण तो चकतीबद्दल असायचा. उत्तर अहवालात लिहून सही करायची. इथे माणूस झोपलेला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. रक्त कुठल्याच परक्या वस्तूला पुरतं आपलं म्हणत नाही, हे मला माहीत होतं. शरीराची स्वतःची कातडी तिच्यावर चढेपर्यंत गोळ्यांनी त्याला समजावत राहायचं, बस.

"घेईल," मी सांगितलं. "गोळी एक दिवस चुकवली नाहीत तर घेईल."

दुसऱ्या दिवशी दामले आणि मी भेटायला गेलो. पाटील उशीला टेकून बसले होते, पायाशी त्यांची बायको मंदा. तिला आता सगळं कळलं होतं आणि ती नवऱ्याशी बोलत नव्हती. पाटलांनी आधी मशीनचं विचारलं. दामल्यांनी सांगून टाकलं, मशीन तुमचंच, झाकण उचलायला चेनपुली लावून घेतोय, ती आधीच लावायला पाहिजे होती. मला वाटलं, झालं, आता शांत होतील. पण पाटलांनी विचारलं, "आनि फोटू? धाडला ना पार्टीला?"

दामल्यांनी माझ्याकडे बघितलं. रात्रभर त्यांच्याही मनात तेच असणार. त्या एका फोटोवर काम मिळत होतं.

"नाही पाठवला," मी म्हटलं. "पाठवणारही नाही. तुम्ही दाते म्हणून अपात्र होतात. ते रक्त बाद, चकत्या बाद, फोटोही बाद."

"असा कसा बाद?" पाटील उठून बसायला लागले. "मशीन माजा, माल माजा, रगत माजा. मी त्याच्यासाठी मरता मरता वाचलो आनि तुमी कचऱ्यात टाकताव?"

"हो."

"चाचनी खोटी हाय का?"

"चाचणी खरी आहे. पण ती तुमच्या जिवावर झालीय. असलं खरं मला नको."

पाटील दामल्यांकडे वळले. "साहेब, तुमी तरी सांगा." आणि दामले, ज्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "नाही पाटील. नाही पाठवायचा."

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका धट्टाकट्टा माणूस, ऑपरेशनला रडला नाही. तेव्हा मंदा पहिल्यांदा बोलली. नवऱ्याचा पाय पांघरुणावरून धरून म्हणाली, "मना फोटू नको. मना मानूस पायजे घरा."

पाटलांनी मान खाली घातली आणि तिच्याकडे पाणी मागितलं.

परत येऊन मी पहिलं काम केलं ते नियम बदलण्याचं. दात्यांना आता सगळ्यात आधी विचारतात, डॉक्टरांनी सांगितलेली कुठली गोळी चालू आहे का, आणि असेल तर ती सोडायची नाही, रक्त द्यायचं नाही, चहा पिऊन घरी जायचं. हे आधी सुचायला हवं होतं. आम्ही रक्ताची इतकी काळजी घेत होतो की ते कुणाच्या अंगातून येतंय याचा थोडा विसर पडला होता.

चाचणी नव्या दात्यांवर पुन्हा केली. चकत्या चांगल्या आल्या, पण तितक्या देखण्या नाहीत. झडपवाल्यांनी खूप प्रश्न विचारले, आम्हाला थराची जाडी दोनदा बदलायला लावली, आणि काम मिळालं तेव्हा माझ्या निवृत्तीचा हार येऊन ठेपला होता. त्या सगळ्या चकत्या पाटलांनीच मशीनमधून काढल्या. रक्त त्यांचं नव्हतं, आणि ते मला त्यांनी बरेच दिवस ऐकवलं.

अजूनही मला त्या फोटोबद्दल विचारणारे भेटतात, कारण दामले पेढे आणायला जाताना वाटेत दोघा-चौघांना तो दाखवून बसले होते. इतका स्वच्छ निकाल आमच्या धंद्यात क्वचित मिळतो, त्यांना कुतूहल वाटणारच. मी त्यांना सांगते, तो फोटो आता कुठेच नाही. पाटील आहेत.